मालूमावशीचे न सुटलेले नेम

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मूर्ख मी आहे. यंत्र नाही, आणि मावशी तर नाहीच नाही.

२०३९ सालची कार्तिकी एकादशी होऊन अकरा दिवस झाले होते. कराडच्या आमच्या ऑफिसात मी सकाळचा चहा तोंडाला लावतेय, तोच थोरात खुर्चीसकट सरकत आले. हा माणूस कोयनेच्या खोऱ्यात तीस वर्षं भूकंपाचे आलेख वाचून निवृत्त झाला होता. घरी बसून कंटाळला होता, म्हणून मी त्यांना आमच्या कंपनीत ओढून आणलं.

"मॅडम, चहा ठेवा. गंमत दाखवतो."

पडद्यावर नेम धरलेली अकराशे चाळीस घरं होती, प्रत्येक घराची एक रेघ. एकादशीपर्यंत दबकत चाललेल्या रेघा द्वादशीला अशा उसळल्या होत्या की मला हसूच फुटलं. चार महिने कांदा-लसूण सोडून एक वेळ जेवणाऱ्या आज्यांनी एका दिवसात खलबत्ते दणाणून सोडले होते.

"चातुर्मास सुटला की हो!" मी म्हटलं.

"अकराशे एकोणचाळीस ठिकाणी सुटला. एका घरी नाही. तिथं एकादशीलाच पाचही नेम पुढच्या आषाढीपर्यंत वाढवलेत."

"कुठलं घर?"

"घर नंबर एक."

घर नंबर एक म्हणजे माझी मालूमावशी.

थांबा, आधी यंत्राचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. 'चाहूल' हे माझं यंत्र. रुपयाएवढी चकती, फरशीखाली नाहीतर भिंतीच्या पायथ्याशी बसवायची. कॅमेरा नाही, माईक नाही, तिला फक्त थरथर कळते. आपण चालतो तेव्हा आधी टाच टेकते, मग चवडा. फरशीला दोन बारीक धक्के बसतात. त्यांच्यातला वेळ, जोर, डाव्या-उजव्यातला फरक, हे प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. चकती चाळीस दिवस घर शिकून घेते. पाणी कधी भरतात, कुकरखाली ओटा किती वेळ थरथरतो, दुपारी पडून उठायला किती वेळ लागतो. मग ही घडी विस्कटायला लागली की दाराजवळचा दिवा हिरव्याचा पिवळा होतो, फारच विस्कटली की लाल, आणि लाल झाला की मुलाबाळांच्या फोनवर निरोप. माणूस पडल्यावर बोंब मारणारी यंत्रं पुष्कळ आहेत. मला पडायच्या सहा महिने आधी कळायला हवं होतं.

पहिल्याच वर्षी आमची चांगली फजिती झाली. संकष्टी आली की निम्म्या कराडात दिवे लाल! कुकर लागला नाही, यंत्राला वाटलं आजी आजारी. पुण्या-मुंबईहून मुलांचे घाबरेघुबरे फोन, आणि इकडे आजी खुशाल साबुदाण्याची खिचडी खात बसलेल्या. तेव्हा मी एक युक्ती काढली, 'नेमाचं पान'. उपास, व्रत, नेम, जे काही असेल ते त्या पानावर सांगून ठेवायचं. यंत्र तेवढी गोष्ट वगळून बाकीचं बघतं. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. बक्षीस मिळालं, त्या समारंभात मी भाषण ठोकलं की आमच्या यंत्राला आपली माणसं कळतात. आठवलं की अजून कान गरम होतात.

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायची, अर्ध्या तालुक्याचे नंबर तिला तोंडपाठ. चार वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हापासून सोमवार पेठेतल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहते. तिचा मुलगा हेमंत नागपूरला. आईचा घोर त्याला इतका, की घराजवळच्या वृद्धनिवासात त्यानं खोलीसुद्धा बघून ठेवली होती. शेवटी आम्हा तिघांचं ठरलं: चाहूलचा दिवा लाल होत नाही तोवर मावशी तिच्या घरात. लाल झाला की नागपूर.

या आषाढीला तिनं पाच नेम धरले. दिवसातून एकदाच जेवण. तेही पत्रावळीवर. दुसऱ्याच्या घरचा घासही नाही. सूर्यास्तापर्यंत मौन. आणि पायात चप्पल नाही, घरात नाही की बाहेर नाही. सगळ्या पेठेनं तोंडात बोटं घातली. महिला मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आणि खरं सांगू? मौनामुळे तिचे दिवसाचे फोन बंद झाले, तेव्हा कामाच्या रगाड्यात मला जरा बरंच वाटलं होतं.

"थोरात, तिचे नेम काढा. कच्ची रेघ दाखवा."

"दिवा लाल होईल, मॅडम."

"दिव्याला हात लावू नका. नुसती रेघ."

रेघ आली. थोरात चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावून बसले.

"टाच-चवडा असे दोन धक्के हवेत ना? इथं एकच आहे. सबंध पाऊल एकदम आपटतंय."

"अनवाणी आहे म्हणून असेल."

"अनवाणी माणूस उलट जपून, हलकं चालतो."

चप्पल सोडली असं सांगितल्यावर जुनी चाल पुसून टाकायची आणि नवी शिकायची, हे यंत्राला मीच शिकवलं होतं. म्हणजे गेले चार महिने ते बिघडलेली चालच शहाण्या पोरासारखी पाठ करत होतं.

"आणि हे बघा," थोरात म्हणाले. "न्हाणीघर. रोज सकाळी सहा वीसच्या आसपास भिंतीवर एक जोरदार थाप. एकही दिवस खाडा नाही. पाल मारतात की काय?"

मी उठले. ऑफिसच्या बेसिनपाशी जाऊन नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. थोरातांना वाटलं मला घेरी आली. मी ओल्या तोंडानं ओरडले, "थोरात, तोंड धुताना आपण काय करतो?"

"साबण लावतो."

"अहो, डोळे मिटतो! डोळे मिटले की तिचा तोल जातोय!"

थोरात ताडकन उठले. पायांच्या नसा दमल्या की पायाला जमीन कळेनाशी होते. डोळे उघडे असले की डोळे सांभाळून घेतात, माणूस बघून बघून पाय टाकतो, जोरात आपटतो. डोळे मिटले की संपलं, भिंत धरावीच लागते. सापडलं, सापडलं म्हणून मी टाळ्या पिटल्या आणि दुसऱ्याच क्षणी मला रडू यायला लागलं. पायातून निसटलेली चप्पल जिला कळत नाही, ती दुसरं काय करणार? चप्पल सोडलीच म्हणणार ना!

बिनचालकाच्या रिक्षात बसून मी सोमवार पेठ गाठली. तिला शिव्या घालून काही उपयोग नव्हता, ती ठरलेल्या वेगानंच गेली.

मावशीनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मौन. तिच्या डोक्यावर दिवा हिरवागार.

"राहू दे तुझं मौन," मी म्हटलं. "इथं उभी राहा. पाय जुळव. आता डोळे मीट."

मावशी काही कच्च्या गुरूची चेली नाही, तिला सगळं कळलं. पण माघार घेईल तर ती मालूमावशी कसली! हनुवटी वर करून तिनं डोळे मिटले. एक, दोन, तीन. ती झाड पडावं तशी सरळ माझ्या अंगावर आली. मी दोन्ही हातांनी धरलं.

"सोड मेले!" मावशी कडाडली. मौन गेलं.

"कधीपासून?"

"होळीपासून थोडं थोडं. आषाढात वाढलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगणं म्हणजे त्या दिव्याला सांगणं. दिव्याला सांगणं म्हणजे नागपूर."

माझा राग असा उसळला म्हणता! "माझ्याच यंत्राला, मीच काढलेल्या पानावरून फसवलंस?"

"तूच शिकवलंस की," ती शांतपणे पलंगावर टेकत म्हणाली. "मावशी, जे सोडशील ते इथं सांग, यंत्र विचारणार नाही. मी बघितलं, यंत्रच काय, कुणीच विचारत नाही. जमत नाही म्हटलं असतं तर सतराशे साठ प्रश्न आले असते. सोडलं म्हटलं, तर लोक पाया पडायला लागले."

मी तिच्या शेजारी टेकले.

मग ती एकेक सांगत गेली. बोटं बधिर झाल्यामुळे हातातून ताटं सुटायची, खणखणाट व्हायचा, शेजारची अनघा धावत यायची, म्हणून पत्रावळ. दोनदा ओट्यापाशी उभं राहवेना, म्हणून एकदाच जेवण. लोकांच्या घरी जायचं तर जिने चढावे लागतात, म्हणून परान्न बंद.

"आणि मौन?" मी विचारलं.

ती पदराशी चाळा करत राहिली. "शब्द सापडत नाहीत गं, वैजू. परवा नारळ खवायचा होता. खवणी हा शब्द आठवायला सकाळची दुपार झाली. आठशे नंबर पाठ होते मला. आठशे! लोकांसमोर अडखळण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं." आणि मावशी रडायला लागली. तिला रडताना मी काका गेले तेव्हाही बघितलं नव्हतं. मी तिला घट्ट धरून बसले आणि मीही रडले.

पण डोक्यात चक्र चालूच होतं. बधिर पाय, बधिर बोटं, जाणारा तोल, हरवणारे शब्द. हे सगळं एकदम, आणि एका वर्षात? हे नुसतं म्हातारपण नव्हे. कंपनीसाठी डॉक्टरांच्या किती व्याख्यानांना बसले होते मी!

"मावशी, दूध-दही घेतेस ना रोज?"

"कुठलं? गयेला सोडलं नाही का? तुझ्या काकांचं श्राद्ध करायला गेलो तेव्हा. तिथं आवडती वस्तू सोडतात. मला दह्यावाचून घास उतरायचा नाही, म्हणून सगळं दूधदुभतंच सोडून आले."

"चार वर्षांपूर्वी!" मी उडीच मारली. "ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टर मुलाणींकडे."

मुलाणीबाईंनी तिच्या पायांवर नादकाटा टेकवला, त्याची थरथर घोट्याखाली तिला कळलीच नाही. मग बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला. आता हे असं वीस मिनिटांत होतं. पूर्वी अहवालाची वाट बघावी लागायची. ती वीस मिनिटं मी दवाखान्यात येरझारा घालत होते. आकडा आला आणि मुलाणीबाई चक्क हसल्या.

"ब जीवनसत्त्वातलं बारावं, तळाला गेलंय! मावशी, तुम्ही शाकाहारी, त्यात दूध बंद. शरीरात तीन-चार वर्षांचा साठा असतो, तो संपला. आपल्या नसांवर तारेवर असतं तसं एक वेष्टण असतं. ते राखायला हे जीवनसत्त्व लागतं. नाही मिळालं की वेष्टण झिजतं, निरोप मधेच गळतात. पायांचे गळतात, मेंदूतलेही गळतात."

मावशी सरसावून बसली. "म्हणजे लाइन तुटलेली नाही. वेष्टण गेलंय म्हणून एकाचा फोन दुसऱ्याला, क्रॉस लागतोय."

"अगदी तस्सं!"

"दुरुस्त होते?"

"बरीचशी. सगळी होईलच असं मी म्हणणार नाही. पण अजून वर्षभर गेलं असतं तर एवढंही म्हणता आलं नसतं. आजपासून इंजेक्शनं. आणि थोडं ताक, दही—"

"गयेला सोडलं ते सोडलं," मावशी म्हणाली. "सुया किती टोचायच्या त्या टोचा."

परत येताना मी आनंदानं नुसती बडबडत होते. दारात आल्यावर मावशीनं त्या हिरव्या दिव्याकडे बघितलं.

"वैजू, आता औषध सुरू झालंय ना? मग तीन महिने ते पान तसंच राहू दे. कुणाला कळतंय?"

मला वाढवणाऱ्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं! पण त्या तीन महिन्यांत ती न्हाणीघरात पडली असती, तर मी हेमंतला तोंड दाखवू शकले नसते, आणि स्वतःलाही नाही.

"नाही मावशी," मी म्हटलं, आणि तिच्यासमोर पाचही नेम काढले. दिवा लाल झाला. मिनिटाच्या आत हेमंतचा चेहरा मावशीच्या फोनच्या पडद्यावर.

"आई! काय झालं? मी उद्या निघतो. सामान बांधायला घे."

"बघितलंस?" मावशी मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. शब्द शोधत, थांबत थांबत बोलली, पण सगळं बोलली. तोल, ताटं, खवणी, गया, सगळं.

हेमंत पडद्याजवळ सरकला. "आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस, की आत्तासारखं सामान बांधायला सांगितलं असतंस?"

वाईट मुलगा नव्हे तो, भितो फार. मग म्हणाला, "होळीपर्यंत बघू. पण सकाळ-संध्याकाळ कुणीतरी बाई हवी, न्हाणीघरात कठडा हवा. आणि होळीला मी स्वतः येऊन ठरवणार."

"ये. पुरणपोळी मी करीन," मावशी म्हणाली. होळीपर्यंत तिला पोळी लाटता येईल की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती.

कठडा बसला. स्वयंपाकाला सुमन यायला लागली. पहिले आठ दिवस मावशीनं तिला पाण्यात पाहिलं, नवव्या दिवशी दोघी मिळून सांडगे घालत होत्या. इकडे मी आणि थोरातांनी यंत्र उलटंपालटं केलं. नेमाचं पान ठेवलं, पण नेम धरला तरी चाल पुसायची नाही. आणि सुटायच्या दिवशी नेम सुटला नाही, तर आधी प्रेमानं विचारायचं. सगळ्यांत मोठा बदल मावशीनं माझ्याशी भांडून करून घेतला. कुणी पडलं तर निरोप लगेच सगळ्यांना. पण घडी नुसती विस्कटत असली, तर चाहूलनं पहिल्यांदा त्या माणसालाच सांगायचं, मुलांना नाही. आठ दिवस त्याचे. त्या आठ दिवसांत त्यानं स्वतः कुणाला तरी सांगायचं, नाहीतर नवव्या दिवशी निरोप मुलांना.

"माझ्या पायांचं गाऱ्हाणं माझ्याआधी नागपूरला कशाला?" ती म्हणाली. मी तो बदल तिथंच लिहून घेतला.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी थोरात ऑफिसभर नाचत सुटले. "मॅडम, टाच आली! टाच आली!" मी धावत गेले. रेघेवर एकाच्या जागी दोन धक्के होते. अगदी बारीक, पण दोन. आम्ही सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात मावशीनं फोन करून मला एकतीस जुने टेलिफोन नंबर एका दमात म्हणून दाखवले. ते बरोबर होते की नाही देव जाणे, मी नुसती वाहवा करत होते. पायाची बोटं मात्र परत आली नाहीत. ती बधिरच राहतील, असं मुलाणीबाईंनी स्पष्ट सांगितलं.

होळीच्या आदल्या दिवशी हेमंत आला तो थेट माझ्या ऑफिसात. दिवा हिरवा होता, रेघ सुधारली होती, सगळं दाखवलं. तरी त्याचं समाधान होईना.

"ताई, पायांचं मला पटलंय," तो म्हणाला. "पण उद्या पुन्हा काही झालं की ती पुन्हा लपवणार. जन्मभर तिनं कुणाची मदत मागितलेली नाही. तुझ्या यंत्राला तिनं एकदा गुंडाळलं, दुसऱ्यांदा नाही गुंडाळणार कशावरून? निवासातली खोली त्यांनी माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरलीय. माझं ठरल्यातच जमा आहे."

तो खोटं बोलत नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मावशी. मी आवाज मोठा केला.

"वैजू, घाबरू नकोस, पडले नाहीये," मावशी म्हणाली. "सुमनला यायला वेळ आहे. आंघोळ करून स्टुलावर बसले, आणि आता उठायला भीती वाटतेय. उठेन कदाचित. पण नको वाटतंय एकटीनं. तू येतेस का? हेमंत पोचला असेल तर त्यालाही घेऊन ये."

थोरातांनी झटकन रेघ उघडली आणि आमच्याकडे बघून मान हलवली. "दिवा हिरवाच आहे. यंत्राला पत्तासुद्धा नाही, मॅडम."

इतक्या आनंदानं मी आजवर कुणाच्या अडचणीला धावले नव्हते. पर्स विसरले, चष्मा विसरले. जिन्यावर आले तर हेमंत माझ्या पुढे, दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होता, आणि उतरता उतरताच नागपूरच्या निवासाला फोनवर सांगत होता, "हो, हो, आईसाठी धरलेली तीच खोली. ती दुसऱ्या कुणाला देऊन टाका."